एक नोव्हेंबर : रायपूरच्या मराठी इतिहासातील एक तारीख

एकाच तारखेस निरनिराळ्या वर्षी घडलेल्या घटना शेजारी-शेजारी मांडण्याची पद्धत वृत्तपत्रांच्या दिनविशेषात रूढ आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ती सहसा मानवत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण तारखांच्या साम्यातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. शिवाय मोडी कागदपत्रांत तिथी आणि फसली वा शुहूर सन असल्याने इंग्रजी तारखेचे साम्य हे पुष्कळदा नंतरच्या गणिताचे फळ असते. तरीही १ नोव्हेंबर ही तारीख रायपूर व तेथील मराठी समाज यांच्या संदर्भात वेगळी ठरते. तिच्यातील पहिली घटना योगायोगाची असली, तरी पुढच्या घटना कायद्याने मुद्दाम ठरविलेल्या आहेत.

पहिली घटना १८५८ ची. त्या दिवशी लॉर्ड कॅनिंग याने अलाहाबाद येथे राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला आणि कंपनीची सत्ता राणीकडे गेल्याचे घोषित झाले. रायपूरच्या दृष्टीने या जाहीरनाम्यातील एक कलम कडवट वाटावे असे आहे. आपल्या मुलखाचा यापुढे विस्तार करण्याची इच्छा नाही, असे राणीने त्यात म्हटले होते. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबरच छत्तीसगडही गेले. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने सुरू झालेला आणि बिंबाजी भोसल्यांच्या काळात रतनपुरास स्थिरावलेला मराठी अंमल असा संपला. जाहीरनाम्यातील अभय नागपूरकर भोसल्यांसाठी चार वर्षे उशिरा आले. रायपूरकरांच्या मनात तर त्या वेळी याहून ताज्या आठवणी असणार : सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांस १० डिसेंबर १८५७ रोजी झालेली फाशी, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, २२ जानेवारी १८५८ रोजी, याच शहरात सतरा शिपायांना झालेली फाशी.

भोसल्यांचा अंमल गेला, पण मराठी माणूस गेला नाही. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताची राजधानी नागपूर येथे होती. त्यामुळे कारकून, वकील, शिक्षक या नात्याने मराठी कुटुंबे रायपुरात येत राहिली. माधवराव सप्रे हे त्यांतील सर्वांत ठळक नाव. १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले; पुढे दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. नागपूरशी असलेला प्रशासकीय धागा हाच या समाजाचा भाषिक आधार होता, असे माझे मत आहे. १९५० च्या कायद्याने या प्रांतात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांस राजभाषेचे स्थान मिळाले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

हा धागा १ नोव्हेंबर १९५६ रोजी तुटला. राज्य पुनर्रचना कायद्याने तो ‘नियत दिवस’ ठरविला होता. जुन्या मध्यप्रदेशाच्या बावीस जिल्ह्यांपैकी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. रायपूरसह उरलेले चौदा जिल्हे भोपाळ ही राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात आले. रायपुरात वकिली केलेले पं. रविशंकर शुक्ल आदल्या दिवसापर्यंत नागपुरास मुख्यमंत्री होते, ते भोपाळला मुख्यमंत्री झाले. रायपुरात शिकलेले न्या. हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, ते जबलपुरास त्याच पदावर गेले. नागपूरची राजधानी गेली, याविषयी विदर्भात पुष्कळ लिहिले गेले आहे. रायपूरच्या मराठी घरांत त्या दिवशी काय बदलले, याविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. त्यांनी घर बदलले नव्हते की गाव सोडला नव्हता. पण ज्या राज्यात त्यांची भाषा राजभाषा होती ते राज्य मध्यरात्री सरले आणि ती माणसे भाषिक अल्पसंख्य झाली. सौंसरसारख्या मराठीबहुल भागाचीही गत तीच झाली.

याच दिवशी, याच कायद्याने बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेथील मराठी भाषिक १ नोव्हेंबर हा ‘काळा दिवस’ म्हणून पाळत आले आहेत. कर्नाटकात तोच राज्योत्सवाचा दिवस. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक याच तारखेस झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी हे नामांतरही याच तारखेस अमलात आले. एकच कायदा, एकच दिवस. मग रायपुरात काळा दिवस का नाही? कारण रायपूरच्या मराठी समाजाने भूमीवर भाषिक हक्क कधी सांगितलाच नाही. तो येथे प्रथम राज्यकर्ता म्हणून आणि पुढे नोकरदार म्हणून आला. आजूबाजूचे खेडे छत्तीसगढी बोलणारे होते. बेळगावकडे सलग मराठी मुलूख होता, रायपूरकडे केवळ मोहल्ले होते. या फरकाकडे दुर्लक्ष करून ‘बृहन्महाराष्ट्र’ या एकाच शब्दात दोघांना कोंबण्याची आपली सवय अभ्यासाच्या दृष्टीने घातक आहे.

चव्वेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, सोळा जिल्ह्यांचे छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. अजित जोगी यांचा शपथविधी रायपुरात झाला आणि शहर राजधानी झाले. त्याच महिन्यात झालेल्या झारखंडासाठी बिरसा मुंडांच्या जयंतीचा १५ नोव्हेंबर हा दिवस घेण्यात आला होता. छत्तीसगडाचा स्थापनादिन मात्र मूळ मध्यप्रदेशाच्या स्थापनादिनाशीच जुळला. आज भोपाळ आणि रायपूर एकाच दिवशी आपापला वर्धापनदिन साजरा करतात, बेळगावचा मराठी माणूस त्याच दिवशी निषेध करतो, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा अद्याप निकालात निघालेला नाही.