नालाकृती खेकड्याची प्रतिकारक प्रथिने : एका शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
ज्या प्राण्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, तो रोगजंतूंना ओळखतो कसा? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर हॉर्सशू क्रॅब, म्हणजे नालाकृती खेकड्याच्या निळसर रक्तातून मिळाले. नावात खेकडा असला तरी हा प्राणी कोळी व विंचू यांना अधिक जवळचा आहे. या शोधाचे श्रेय सामान्यतः अमेरिकन संशोधकांना दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्धेच खरे आहे.

गुठळीचा शोध :
फ्रेडरिक बँग यांनी वुड्स होल येथे या खेकड्यांना सागरी जिवाणू टोचले. रक्तवाहिन्यांतच रक्त गोठून प्राणी मरतो, असे त्यांनी १९५६ मध्ये नोंदविले. उष्णतेने मारलेल्या जिवाणूंनीही रक्त गोठत असे. म्हणजे कारण जिवाणूच्या जिवंतपणात नव्हते, तर ग्राम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातील अंतर्विषात होते. गोठण्याची सामग्री अमीबोसाइट या रक्तपेशींत असते, हे बँग व जॅक लेव्हिन यांच्या १९६४ नंतरच्या कार्यातून स्पष्ट झाले. या पेशींच्या अर्कावरून इंजेक्शनच्या औषधांची चाचणी सिद्ध झाली आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. तत्पूर्वी औषध सशांना टोचून त्यांना ताप येतो का, हे पाहिले जाई. सशांची सुटका झाली. खेकड्यांच्या वाट्याला मात्र रक्तशोषण आले.

प्रथिनांची साखळी :
अर्क उपयोगात आला तरी त्यात नेमके काय घडते, हे अज्ञातच होते. जपानमधील क्यूशू विद्यापीठात सदाआकी इवानागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रथिने एकेक करून वेगळी केली. घटक-सी हे प्रथिन अंतर्विषाला चिकटताच स्वतः क्रियाशील होते. ते घटक-बीला जागे करते, घटक-बी पुढील विकराला, आणि अखेर कोअॅग्युलोजेनचे रूपांतर होऊन जिवाणूभोवती जेलीसारखी गुठळी बनते. बुरशीच्या भित्तिकेतील ग्लुकान ओळखण्यासाठी घटक-जी हे स्वतंत्र प्रथिन आहे. टॅकिलेक्टिने जिवाणूंवरील शर्करा पकडतात. १९८८ मध्ये वर्णिलेले टॅकिप्लेसिन तर अवघ्या १७ अमिनो आम्लांचे असून जिवाणूंचा थेट नाश करते. ओळखणे, कोंडणे व मारणे ही तिन्ही कामे एकाच पेशीच्या कणिकांत साठविलेली असतात.

खेकड्याविना चाचणी :
बँग यांचा शोध प्राण्याच्या रक्तावर अवलंबून राहिला. इवानागांच्या परंपरेने मात्र त्या रक्ताला पर्याय शक्य केला. ओळखीचे काम घटक-सी करतो हे कळल्यावर सिंगापूर येथे डिंग जीक लिंग व हो बो यांनी १९९०च्या दशकात कांदळवनातील नालाकृती खेकड्यापासून त्याचे जनुक मिळवून प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले. हीच जात आपल्या सुंदरबनातही आढळते. या प्रथिनावरील चाचणी २००३ मध्ये बाजारात आली. युरोपीय औषधसंहितेत तिला स्थान मिळाले ते २०२१ मध्ये, अमेरिकन संहितेत २०२५ मध्ये. दरम्यान २०१६ मध्ये अमेरिकन जातीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून झाली होती.