वनस्पतिपेशींतील स्निग्ध द्रव्यांची येरझार

वनस्पतिपेशीच्या जीवद्रव्याभोंवतीं जें पटल असतें तें साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसत नाहीं. तरीहि तें तेलासारख्या पदार्थांचें असावें, असें झूरिच येथील अर्नेस्ट ओव्हर्टन यानें गेल्या शतकाच्याहि आधींच्या अखेरीस सांगून टाकलें. युक्ति मोठी साधी होती. जिवंत पेशी साखरेच्या दाट पाण्यांत ठेवली कीं आंतील पाणी बाहेर पडतें आणि जीवद्रव्य आकसून भित्तीपासून सुटतें. पण पाण्यांत मिसळलेला पदार्थच झपाट्यानें आंत शिरूं लागला, तर हें आकसणें होत नाहीं. साखर दाराशीं अडते. मद्यार्क बेलाशक आंत जातो. अशीं शेंकडों द्रव्यें तपासून १८९९ सालीं त्यानें दाखविलें कीं, जें तेलांत सहज विरघळतें तेंच पेशींत सहज शिरतें. अर्थात् तिच्या कुंपणांत लेसिथिन, कोलेस्टरिन अशीं स्निग्ध द्रव्यें असलीं पाहिजेत.

पुढें १९२५ त लायडेन येथील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं रक्तपेशींवरून पटल दुहेरी ठरविलें. मुळांच्या केसांपासून निघालेला विचार असा रक्ताकडे वळला, आणि पटल म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्यांचा थर ही समजूत दृढ झाली. माझ्या मतें ही वनस्पतींवर थोडी अन्यायाचीच गोष्ट झाली.

तिला धक्का दिला गव्हाच्या पिठानें! १९५६ मध्यें कार्टर व त्याचे सहकारी यांस पिठांत गॅलॅक्टोज शर्करा जोडलेलीं स्निग्ध द्रव्यें सांपडलीं. त्यांत फॉस्फरसाचा लवलेश नव्हता. हरितकणांच्या ज्या पटलांत सूर्यप्रकाश पकडला जातो, त्यांतील स्निग्ध द्रव्यांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश हींच असतात, असें मागाहून कळलें.

खरा पेंच येथूनच सुरू होतो. मेदाम्लें तयार होतात मुख्यतः हरितकणांत. त्यांतलीं कांहीं तेथेंच कामीं येतात. बाकीचीं बाहेर पेशीच्या अंतर्जालांत जातात, आणि तेथें घडलेल्या द्रव्यांचा कांहीं भाग पुन्हां हरितकणांत परततो. हा प्रवासहि डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु द्रव्याच्या अंगावर जन्मस्थानाची खूण राहते. त्यांतील ठराविक जागीं सोळा कार्बनांची साखळी असली तर तें घरचें, अठरांची असली तर बाहेरून आलेलें. न्यूझीलंडमधील रफन व स्लॅक यांनीं १९८२ त या दोन वाटांचा हिशेब मांडला. पालकाच्या पानांत दोन्ही वाटा चालू असतात, तर वाटाण्याच्या पानांत गॅलॅक्टोजयुक्त द्रव्यांसाठीं बाहेरची वाटच वापरली जाते.

पण तेलकट वस्तूनें पाणी ओलांडावें कसें? मिशिगन येथें बेनिंग व सहकारी यांस २००३ मध्यें हरितकणाच्या वेष्टणांतील एक प्रथिन सांपडलें, जें बिघडलें कीं परतीची वाट मंदावते. त्याच्या जोडीचीं आणखीहि प्रथिनें मागून उजेडांत आलीं.

या रहदारीचें महत्त्व जमिनींत फॉस्फरस कमी पडला म्हणजे कळतें. रोपटें तेव्हां आपल्या पटलांतील फॉस्फरसयुक्त द्रव्यें मोडून फॉस्फरस वांचवितें, आणि त्यांच्या जागीं गॅलॅक्टोजयुक्त द्रव्यें हरितकणाबाहेर धाडतें. खतावर पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्यानेंहि ऐकावी अशी ही काटकसर आहे. २००४ मध्यें ग्रेनोबल येथें असें दिसून आलें कीं, अशा टंचाईंत हरितकण व तंतुकणिका एकमेकांस अधिक ठिकाणीं चिकटतात, आणि हीं द्रव्यें एकाकडून दुसरीकडे परस्पर दिलीं जातात.