दंतकथा आणि नोंदवही

मराठी वाचकाच्या मनातला विमानाचा इतिहास बहुधा १८९५ पासून सुरू होतो. त्या वर्षी शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण शाळेत ऐकतो, सभांतून ऐकतो. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही आला. मात्र त्या उड्डाणाला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. तिच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आम्हांला येथे तळपद्यांची उपेक्षा करायची नाही. प्रश्न इतकाच, की उड्डाणाचा इतिहास आपण कशावर उभा करतो?

दुसरा एक इतिहास आहे, अगदी रुक्ष कागदांचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक १. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. या घटनांत चमत्कार नाही, तारखा आहेत. परवाना म्हणजे तरी काय? या माणसाने अमुक तास उड्डाण केले, अमुक परीक्षा दिल्या, आणि हे दुसऱ्या कोणी तपासले, याची साक्ष.

हा इतिहास धाराशिवपर्यंत कसा पोहोचला? निजामी राजवटीतल्या या जिल्ह्याकडे आकाश प्रथम युद्ध होऊन आले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेऊन नळदुर्ग जिंकला. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून पूर्वेकडे राजेश्वरच्या दिशेने जाताना वाटेत शत्रू दबा धरून असल्याचे हवाई टेहळणीत दिसले, तेव्हा वायुदलाच्या टेम्पेस्ट विमानांनी हल्ले केले. विमान ही राज्यसंस्थेची वस्तू होती. खाली उभ्या असलेल्या माणसाने ते फक्त पाहायचे.

हे अंतर पुढे थोडेफार कमी झाले ते मायक्रोलाइटमुळे. एक किंवा दोन आसनांचे, जेमतेम साडेचारशे किलो वजनमर्यादेतले हे विमान कमी वेगात उडते आणि छोट्या धावपट्टीवर उतरते. १९८८ मध्ये विजयपत सिंघानिया असेच एक विमान लंडनहून भारतात एकट्याने घेऊन आले. प्रवासाला तेवीस दिवस लागले. सिंघानियांसारखे साधन सर्वांपाशी नसते, हे खरे. शिकण्याचा क्रम मात्र सर्वांना सारखाच. आधी शिकाऊ परवाना, वैद्यकीय तपासणी, हवामान, दिशानिर्धारण व हवाई नियम यांच्या परीक्षा. मग प्रशिक्षकासह उड्डाणे, पहिले एकट्याचे उड्डाण आणि शेवटी एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचा एकट्याचा प्रवास. साध्या विमानाच्या खासगी परवान्यासाठी वय किमान सतरा, शिक्षण दहावी आणि उड्डाण किमान चाळीस तास लागते. प्रत्येक तास नोंदवहीत उतरतो. कोणाच्या पूर्वजांनी काय उडवले होते, याचा रकाना तीत नसतो.

धाराशिवलाही धावपट्टी आहे. २००९ मध्ये राज्याने ती नांदेड, लातूर, बारामती व यवतमाळ येथील धावपट्ट्यांसह एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. बारामतीचे नाव वैमानिक प्रशिक्षणाशी जोडले गेले. धाराशिवच्या वाट्याला तेवढी ओळख आली नाही. केवळ डांबर अंथरून उड्डाणाची परंपरा निर्माण होत नाही. त्यासाठी शिकवणारे, तपासणारे आणि चुकलेला तासही प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे लागतात.

साहित्याच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखिताचा काळ विचारतो, तेव्हा त्या ग्रंथावरचे आपले प्रेम कमी होत नसते. आकाशाच्या बाबतीत मात्र आपण तो प्रश्न विचारायला संकोचतो. नळदुर्ग-उमरग्याकडची एखादी मुलगी उद्या खासगी परवाना मिळवील, तेव्हा तिच्या नोंदवहीतील पहिली ओळ चौपाटीच्या कथेपेक्षा फिकी वाटेल. पण आमच्या मते मराठी उड्डाणाच्या इतिहासात भर पडेल ती त्या ओळीचीच.