ईसप, ब्यूइक-चित्रित

इंग्लिश मुद्राचित्रकार टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याच्या काष्ठचित्रांनी सजलेला नीतिकथासंग्रह. मूळ नाव ‘द फेबल्स ऑफ ईसप अँड अदर्स’. प्रकाशन न्यूकॅसल येथे, १८१८. दुसरी आवृत्ती १८२३.

सॅम्युएल क्रॉक्सॉलचा १७२२ चा सचित्र ईसप ब्यूइकला लहानपणापासून प्रिय होता. तसे पुस्तक आपण काढावे ही जुनी इच्छा. १८१२ च्या मोठ्या दुखण्यातून उठताना त्याने ते काम हाती घेतले. विषय नवा नव्हता. कोरीवकाम करणाऱ्या राल्फ बीलबीकडे उमेदवारी करताना कोरलेल्या नीतिकथांच्या चित्रांना लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बक्षीस दिले होते. सुवर्णपदक की सात गिनी, असे विचारल्यावर त्याने पैसे घेतले आणि आईच्या हाती ठेवले.

जुने कारागीर लाकडाच्या उभ्या फळीवर सुरीने कोरत. ब्यूइक बॉक्सवूडच्या खोडाचा आडवा छेद घेई. त्यावर रेशांचा अडथळा नसल्याने तांब्यावर चालणारी बारीक कोरणी हवी तशी वळते. कोरलेली रेघ छपाईत पांढरी उमटते. म्हणजे काळोखातून उजेड काढत जायचे. खोड बारीक, म्हणून चित्रेही लहान. दूरचे डोंगर फिके दिसावेत यासाठी तो ठोकळ्याचा तेवढा भाग आधीच किंचित तासून खाली घेई. तिथे दाब कमी पडे. ठोकळा छपाईच्या खिळ्यांच्या उंचीचा असल्याने चित्र व मजकूर एकाच दाबात छापले जात. ताम्रपटाला वेगळे यंत्र लागे आणि खर्चही वाढे.

फ्रेंच चित्रकार ग्रांव्हीलने १८३८ मध्ये ला फाँतेनच्या कथांतील प्राण्यांना माणसांचे कपडे चढवले. चतुष्पाद आणि पक्षी यांवरील ग्रंथांची चित्रे करून मुरलेल्या ब्यूइकला ते रुचले नसते. त्याचा कोल्हा धूर्त दिसत नाही, कोल्हा दिसतो. त्यामुळे कथेतला टोमणा कधी बोथट होतो, हेही खरे. शिवाय रेखाटने ब्यूइकची असली तरी कोरण्याचे बरेचसे काम मुलगा रॉबर्ट आणि विल्यम टेंपल, विल्यम हार्वे या शिष्यांनी केले. पक्ष्यांच्या ग्रंथातली सफाई इथे सर्वत्र नाही. कथांच्या शेवटी उरलेल्या जागेत घातलेली चिमुकली चित्रे मात्र अनेकदा मुख्य चित्रांना मागे टाकतात. शिष्यांपैकी हार्वे पुढे लंडनला गेला आणि एडवर्ड लेनने भाषांतरित केलेल्या अरबी सुरस कथांचा चित्रकार म्हणून गाजला.