बंदूक परवाना : मॅगझिन व फेरफार (डहाणू–तलासरी)

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या अनुसूचित तालुक्यांत नागरिकांच्या बंदुकांना शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला, तेव्हा परवान्याचे काम ठाण्याहून पालघरला आले.

मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावावीत याचा आकडा भारतीय कायदा देत नाही. कॅनडात मध्याघाती काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफलीला पाचांची मर्यादा आहे, कॅलिफोर्नियात दहांची. आपला कायदा बंदूक चालते कशी, ते पाहतो. चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असे हत्यार निषिद्ध ठरते. शिवाय ०.३०३ इंच व ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे चालणाऱ्या रायफली निर्बंधित यादीत, म्हणजे सर्वसामान्य परवान्याबाहेर आहेत. बंदूक कशी चालते ही कसोटी आकड्यापेक्षा पक्की आहे, कारण मॅगझिन बदलणे सोपे असते.

त्याच निर्बंधित यादीत ०.४१० मस्कट येते. मॅगझिन बाद करण्याचे हे जुने सरकारी उदाहरण. इशापूरच्या कारखान्यात दहा काडतुसांच्या ली-एनफिल्ड रायफलीची नळी कोरून गुळगुळीत केली जाई आणि मॅगझिनच्या पोकळीत लाकडी ठोकळा बसवला जाई. हाती उरे ती पोलिसांसाठी एकबारी बंदूक. दर बाराला काडतूस हाताने घालायचे.

डहाणू–तलासरीच्या शेतकऱ्याचा संबंध मात्र ठासणीच्या बंदुकीशी. भात, नाचणी, वरईत रानडुकरे शिरतात. पीकरक्षणासाठी शस्त्र अधिनियमाचे कलम १३ ठासणीची बंदूक धरूनच चालते. ती पुरेशी नाही अशी खात्री पटली, तरच परवाना अधिकारी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. ठासणीला मॅगझिनच नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी गजाने ठासायची, छरे सोडायचे, पुन्हा ठासायचे आणि शेवटी टोपी बसवायची. एवढे होईतो डुकरे बांध ओलांडून गेलेली असतात. तरी परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे; जनावर मारायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वेगळी परवानगी लागते. परवान्यावर क्षेत्रही लिहिलेले असते. तलासरीकराने ते वाचून ठेवावे, कारण आच्छाडपुढे गुजरात लागतो.

शस्त्र अधिनियमाच्या डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. फेरफाराचे कलम ६ही कडक झाले. नळी आखूड करणे किंवा खोट्या बंदुकीची खरी करणे पूर्वीही परवान्याविना गुन्हा होता. आता एका वर्गातले हत्यार दुसऱ्या वर्गात नेणेही त्यात आले. स्प्रिंग किंवा चापाच्या यंत्रणेत बदल करून बंदूक सलग चालती केली, तर ती थेट निषिद्ध वर्गात जाते. म्हणून दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. बेकायदा फेरफाराला किमान सात वर्षे कैद आहे, कमाल जन्मठेप.