तळटीप : मस्टँग विमानातील बैठकीमागील टाकी

* मजकुरात उल्लेखिलेली ‘बैठकीमागील टाकी’ म्हणजे पी-५१ मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानात वैमानिकाच्या पाठीशी बसविलेली, ८५ अमेरिकी गॅलन पेट्रोल मावणारी जादा टाकी होय. १९४४ साली इंग्लंडातून थेट बर्लिनपर्यंत बाँबफेकी विमानांची पाठराखण करावयाची, तर पंखांतील इंधन अपुरे पडे, म्हणून ही तजवीज झाली. परंतु भरल्या टाकीचा सुमारे २३० किलोग्रॅम भार बराच मागे पडत असल्याने विमानाचा गुरुत्वमध्य शेपटीकडे सरके. वाऱ्याच्या झोताने वर उचलले गेलेले नाक आपोआप पूर्वस्थितीवर आणणारी प्रवृत्ती ही गुरुत्वमध्य व त्याच्या मागे असणारा उदासीन बिंदू यांमधील अंतरावर अवलंबून असते; हे अंतर जसजसे घटते, तसतसे स्थैर्य क्षीण होते. परिणामी तीव्र वळण घेताना जी दांडी एरवी जोर लावून ओढून धरावी लागे, ती आपण होऊन मागे येई, आणि वळण प्रमाणाबाहेर आवळू नये म्हणून वैमानिकास ती उलट पुढे रेटावी लागे. यास्तव, बाहेर टांगलेल्या टाक्यांतील इंधन वापरण्यापूर्वी याच टाकीतील बरेचसे इंधन खर्ची घालावे, आणि तीत ४० गॅलनांहून अधिक शिल्लक असता हवाई कसरतींच्या वाटेस जाऊ नये, अशी वैमानिकांस ताकीद असे. सांप्रत जतन केलेल्या अनेक मस्टँगांत ही टाकी काढून त्या जागी दुसरी बैठक बसविलेली आढळते. तथापि तेथे बसणाऱ्याचे वजनही उड्डाणापूर्वी हिशेबात धरावेच लागते. — संपादक