मागाची दोरी कोणाच्या हाती?

जालना नगरीच्या नावाविषयी एक आख्यायिका जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. प्रभू रामचंद्रांच्या काळी या गावाला जनकपूर म्हणत. पुढे एका धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून त्याचे जालना झाले, असे ती सांगते. हा व्यापारी मूळचा जुलाहा, म्हणजे विणकर, आणि गावावर त्याचे मोठे उपकार होते. आख्यायिकेला इतिहासाचा मान देता येत नाही, हे खरे. तरीही आपले नाव एखाद्या राजाकडून नव्हे, तर विणकराकडून आले असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या गावाच्या मनात त्या व्यवसायाला केवढे स्थान असले पाहिजे!

आज कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे, जुन्या जालन्यात किंवा पूर्वीचे कादराबाद म्हणजेच नवीन जालन्यात हिंडले, तर बियाण्यांची दुकाने दिसतात, मोंढ्यातील गर्दी दिसते, लोखंडी सळयांच्या कारखान्यांचा धूर दिसतो. मात्र विणकराच्या नावाचे म्हणविणाऱ्या या गावाची ओळख आता मागावरून होत नाही. हे कसे घडले, याचा विचार करण्यासारखा आहे.

रेल्वे आणि कारखाने येण्यापूर्वी मराठवाड्यातील कापूस गावातल्या गावात किंवा पंचक्रोशीतच हातोहात फिरत असे. बायका हातरेच्यावर सरकी वेगळी करीत. पिंजारी धनुकलीवर कापूस पिंजी. घरोघरी चरख्यावर सूत निघे. साळी, कोष्टी, मोमीन ते मागावर चढवीत. आणि शेवटी रंगारी त्याला रंग देई. एका लुगड्यामागे अशी पाच-सहा घरे जेवत असत. हे जीवन सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. विणकर सावकाराच्या कर्जात बुडालेला असे, आणि चरख्यावरच्या बाईला दिवसभराच्या कष्टाचे मोल अगदी थोडे मिळे. तथापि कामाची साधने ज्याची त्याच्या घरात होती.

ही साखळी एका दिवसात तुटली नाही. प्रथम निखळला तो चरखा. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून, आणि 1850 नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्यावर तेथूनही, यंत्राचे स्वस्त सूत येऊ लागले. विणकराने ते आनंदाने घेतले. कारण ते एकसारखे होते आणि हवे तेवढे मिळत होते. माग चालत राहिला, पण सूत कातणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न गेले. एकाच यंत्राने एका घराला हात दिला आणि शेजारच्या घरातील चूल विझविली, हे या इतिहासातील सर्वांत बोधप्रद पान आहे.

1889 मध्ये औरंगाबादला पहिली कापडगिरणी निघाली. तिच्यात सुमारे 700 माणसे कामाला होती. 1900 मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि जालना तिच्या मार्गावर आले. त्या काळात एकट्या जालन्यात सरकी काढणारे 9 कारखाने आणि कापसाच्या गाठी बांधणारे 5 प्रेस उभे राहिले. 1901 मध्ये जिल्ह्यातील अशा सर्व कारखान्यांत मिळून 1,016 माणसे कामाला होती. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते.) हातरेचा अडगळीत पडला. कापूस गाठी होऊन आगगाडीने बाहेर जाऊ लागला, आणि दूरच्या गिरण्यांचे कापड त्याच रुळांवरून बाजारात येऊ लागले. व्यापार वाढला, 'जालना, सोने का पालना' ही म्हण आजही लोकांच्या ओठी आहे. पण सोन्याच्या त्या पाळण्यात विणकराचे मूल होते काय, हा प्रश्न उरतोच.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. गिरणीच्या स्वस्त कापडाने गरिबाचे अंग झाकले. आणि कारागीर यंत्राचा जन्मजात वैरी होता, हेही खरे नाही. जॉन के याने 1733 मध्ये इंग्लंडात दोरी ओढताच धावणारा धोटा शोधून काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडील हजारो हातमागकऱ्यांनी तो आपण होऊन स्वीकारला, कारण त्याने कापड झपाट्याने विणले जाई आणि माग मात्र घरातच राहत असे. सोलापूरचे विणकर या बाबतीत आघाडीवर होते. 1904 मध्ये इचलकरंजीला विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला, आणि त्यातून त्या गावाचे भाग्य पालटले.

आमच्या शेजारचे औरंगाबाद आणि पैठण याविषयी आणखी काही सांगतात. औरंगाबादचा हिमरू, म्हणजे किनखापाचा साधा भाऊ, सुताच्या ताण्यावर रेशमी बाण्याने विणला जाई. पूर्वी नक्षीसाठी विणकराच्या जोडीला दोऱ्या ओढणारा एक मदतनीस, बहुधा मुलगा, बसत असे. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची युक्ती पूर्णत्वास नेली. भोक असेल तेथे धागा उचलला जाई. ती आली आणि त्या मुलाचे काम संपले. हीच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या पत्त्यांवरूनच मोजदाद केली. आज आपली मुले संगणकावर बसून पोट भरतात. त्या संगणकाच्या वंशावळीत एक माग आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे.

अस्सल पैठणीने मात्र ही युक्तीही घेतली नाही. तिच्या पदरावरचा मोर लहान लहान कांड्यांवरील रंगीत धागे हातांनी एकमेकांत गुंतवून उमटतो. म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. अशा एका साडीला कित्येक महिने लागू शकतात. यंत्रमागावरची नक्कल उलटून पाहिली की मागे सुटे धागे दिसतात. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. तथापि कायद्याचा शिक्का विणकराला नाव देतो. मजुरी देणारा ग्राहकच असतो.

जालन्याच्या वाट्याला आलेले यंत्रयुग मागावर थांबले नाही. ते बीजापर्यंत उतरले. गिरणीच्या चात्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. आखूड धाग्याचे गावरान वाण हळूहळू मागे पडले. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली आणि हे गाव बियाण्यांची राजधानी झाले. त्यांच्या कार्याला 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार लाभला. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडअळी हटली आणि उत्पन्न वाढले. परंतु संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातील शेते पुन्हा पोखरली. चरख्याच्या वेळी विचारायचा राहिलेला प्रश्न आता शेताच्या बांधावर उभा आहे: साधन कोणाच्या हाती?

1981 च्या मे महिन्यात जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावरील आपले परिपत्र प्रसिद्ध केले. यंत्र हे माणसाचे सहकारी आहे, पण ते माणसाची जागा घेऊ लागले की जवळजवळ वैरी होऊ शकते, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. पुढे चारच महिन्यांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि हातमागाला मागे सारणाऱ्या गिरण्यांच्याच भोंग्यांना उतरती कळा लागली.

वाचकहो, गेलेला चरखा परत आणा असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण यापुढे लग्नाचा बस्ता बांधताना किंवा वेदीसाठी नवे वस्त्र घेताना दुकानदाराला किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: हे कोणी विणले? उत्तर मिळेलच असे नाही. पण ग्राहक विचारू लागला, की ते ठेवणे दुकानदाराला भाग पडते. विणकराचे नाव सांगणाऱ्या गावाने एवढे तरी केलेच पाहिजे.